नळी अण्णांची, लाज आमची

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल हा काय विषय झाला लिहायचा! मलाही तसंच वाटत होतं. पण गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या आळीतली एक बाई वाण घेऊन झालं तरी उठेना. सगळ्या गेल्यावर ती माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली, न सांगता कप विसळायला लागली, आणि नळाच्या पाण्याच्या आवाजात हळूच म्हणाली, "वहिनी, तुमच्या अण्णांना लघवीची नळी होती ना हो? आमच्या ह्यांनाही घातलीय. डॉक्टर म्हणतात, आता ही कायमचीच. मला तर काही सुचत नाही."

नळ चालू ठेवून विचारण्यासारखी ही गोष्ट! खोकला झाला, गुडघे दुखले, तर आपण साऱ्या गावाला सांगतो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लघवीची नळी लागली, की दार लोटून घेतो. या लोटलेल्या दारामुळे आमच्याकडे काय झालं, ते सांगते. मग ठरवा, लिहायला हवं होतं की नको.

अण्णा म्हणजे माझे सासरे. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचं धोतर नेसणारे. लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, अशी रीत होती. पुढे रीत सैलावली, पण आमच्या दोघांमधलं अंतर तसंच राहिलं. "सूनबाई, चहा टाकतेस का?" आणि "हो अण्णा" यापलीकडे आमचं बोलणं फारसं गेलं नाही.

२०१८ च्या जानेवारीत त्यांना सर्दी झाली. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या त्यांनी तीन दिवस घेतल्या, आणि तिसऱ्या रात्री लघवीच बंद. पोट टम्म, घामाने अंग भिजलेलं. इस्पितळात नळी घातली तर जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. प्रोस्टेट आधीच वाढलेली, आणि सर्दीच्या काही गोळ्या अशा माणसाची लघवी अडवू शकतात, हे तेव्हा कळलं. घरात म्हातारे पुरुष असतील तर एवढं तरी लक्षात ठेवा. सर्दीची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

गोळ्या देऊन, नळी काढून दोनदा बघितलं. दोन्ही वेळा लघवी पुन्हा तुंबली. ऑपरेशन करावं तर अण्णांचं हृदय अशक्त. भूल द्यायला डॉक्टर धजेनात, आणि अण्णांनाही त्या वयात चिरफाड नको होती. "आता नळीच राहू दे," असं ठरलं. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी देवळात जाणं बंद केलं, एवढंच.

ही नळी आत कशी टिकून राहते, हे मला आधी ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, चिकटपट्टीवरच असते! तसं नाही. नळीत दोन वाटा असतात. मोठ्या वाटेनं लघवी बाहेर येते. दुसरी वाट अगदी बारीक, तिच्यातून इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी आत सोडतात. त्या पाण्यानं मूत्राशयात नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा फुगतो आणि तो नळीला बाहेर सरकू देत नाही. काढायची वेळ आली, की आधी फुग्यातलं पाणी सिरिंजने काढून घ्यायचं, मग नळी अलगद सुटते. फोली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३० च्या दशकात ही युक्ती प्रचारात आणली, म्हणून तिला फोलीची नळी म्हणतात. अण्णांची १६ नंबरची, म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटर जाडीची. तिच्या टोकाला केशरी रंग असतो, १४ ला हिरवा, १८ ला लाल. अण्णांना हे रंग पाठ झाले होते.

घरातली कामं आपोआप वाटली गेली. अंग पुसणं, नळी धुणं हे आमच्या ह्यांच्याकडे. पिशवी रिकामी करणं माझ्याकडे. नळी महिन्यानं बदलायला एक ब्रदर घरी यायचा. सासूबाईंचे हात थरथरत, त्यांच्याकडे फक्त देवाला सांगणं.

पिशवीचं एक शास्त्र असतं, ते मी अनुभवानं शिकले. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर लघवी उलटी आत शिरते. म्हणजे माणूस उठला की पिशवी गादीवर ठेवायची नाही. पण ती जमिनीला टेकलेलीही नको. मी कॉटच्या दांडीला आकडा लावून घेतला होता. पाऊण होण्याच्या आतच रिकामी करायची, भरून जड झाली की तिच्या वजनाने नळी ओढली जाते. खालची तोटी मगाला लागू द्यायची नाही. हात आधीही धुवायचे आणि नंतरही. नळी मांडीला चिकटपट्टीनं लावताना थोडी सैल ठेवायची, आणि मांडी अधूनमधून बदलायची. नळी आणि पिशवी एकमेकींपासून उगाच सोडवायची नाही. जितक्या वेळा सोडवाल तितक्या वेळा जंतूंना आमंत्रण.

धुणं रोजचं. साधा साबण आणि पाणी पुरतं, त्याला डेटॉल नको, पावडर नको. अंगाकडून बाहेरच्या दिशेनं नळी पुसत यायचं. आणि पुरुषांचं आणखी एक. पुढची कातडी मागे घेऊन धुतली, की धुऊन झाल्यावर ती पुढे आणून ठेवायलाच हवी. विसरलं तर ती मागेच आवळून बसते, सूज येते आणि इस्पितळ गाठावं लागतं. हे लिहितानाही माझा हात थांबला बरं का. पण हे मला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते.

आमच्याकडे एकदा गंमतच झाली. सकाळी बघते तर अख्खी पिशवी जांभळी! जांभळं कुस्करून भरावीत तशी. सासूबाईंनी लगेच मीठ-मोहऱ्या काढल्या. कुणीतरी काहीतरी केलंय म्हणे! मी घाबरत डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. "अण्णांना किती दिवस शौचाला झालं नाही?" खरंच, चार दिवस झालं नव्हतं. बद्धकोष्ठ झालं, की आतड्यातून आलेल्या एका पदार्थावर लघवीतले जंतू काम करतात आणि निळा व तांबडा असे दोन रंग तयार होतात. मिळून जांभळा. त्यातला निळा म्हणजे चक्क नीळ! पिशवी बदलली, भिजवलेल्या मनुका आणि रात्री इसबगोल सुरू केलं, रंग गेला. बद्धकोष्ठाचा आणखी एक त्रास असा, की आतडं भरलं म्हणजे नळीवर दाब येतो आणि लघवी नळीच्या बाजूनं झिरपते. अशा वेळी लोक म्हणतात, जाड नळी घाला. त्याआधी नळी कुठे मुडपली आहे का बघा, आणि पोट साफ होतंय का ते बघा.

लघवीच्या रिपोर्टचंही तसंच. महिनाभर नळी राहिली, की बहुतेक सगळ्यांच्या लघवीत जंतू सापडतात. रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून लगेच औषधांचा मारा करायचा नसतो, असं डॉक्टरांनी समजावलं. ताप, थंडी वाजणं, कमरेत दुखणं, किंवा माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागणं, हे झालं तर मात्र थांबायचं नाही. अण्णा एकदा मला "ताई" म्हणायला लागले होते, ताई म्हणजे त्यांची वारलेली बहीण. अंगाला हात लावला तर भाजत होतं.

असं सगळं बरं चाललं होतं. मग आला २०२० चा मार्च.

आमचे हे २० मार्चला दोन दिवसांसाठी मुलीकडे पुण्याला गेले. २२ ला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्री टाळेबंदी जाहीर. हे तिकडेच अडकले. घरात मी, सासूबाई आणि अण्णा. नळी बदलायची तारीख मार्चच्या अखेरची. ब्रदर शेजारच्या गावचा, त्याचा रस्ता बंद. "बघू, पुढच्या आठवड्यात," असं तो फोनवर म्हणायचा. पुढचा आठवडा आला तसा गेला.

नळी धुवायचं काय? पहिल्या दिवशी मी गरम पाणी, साबण, मऊ फडकं घेऊन खोलीत गेले. अण्णांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. "ठेव तिथं. माझं मी करतो," म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी तांब्या ठेवला आणि बाहेर आले. रोज तेच. मी पाणी ठेवी, अर्ध्या तासाने उचलून आणी. फडकं कधी ओलं असे, कधी नसे. त्यांना कंबरेतून वाकता येत नव्हतं, हे काय मला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण विचारायचं कसं? आणि त्यांनी सांगायचं कसं? दोघंही एकमेकांची लाज सांभाळत बसलो.

सातव्या आठवड्यात लघवी कमी उतरू लागली. तोटीतून वाळूसारखं काहीतरी यायचं. धोतर बाजूनं ओलं व्हायचं आणि अण्णा ते उशीखाली दडवून ठेवायचे. ते मला सापडलं त्या दिवशी मी फोनवर ब्रदरला वाटेल ते बोलले. दुसऱ्या दिवशी पास काढून तो आला.

त्याने सिरिंज लावली, ओढली. पाणी येईना. जोर लावून ओढली. एक थेंब नाही. मग म्हणाला, "वहिनी, नळी जरा ओढून बघतो," आणि ओढली. अण्णा तसे सोशिक. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. मी दाराच्या बाहेर, भिंतीकडे तोंड करून उभी होते. तशीच आत गेले. फडक्यावर रक्त. ब्रदर म्हणाला, "फुगा अडकलाय. कात्री द्या, नळी कापली की पाणी आपोआप निघून जाईल."

कात्री आणायला मी वळलेही होते. मग काय वाटलं कोण जाणे, आधी डॉक्टरांना फोन लावला. ते फोनवरच ओरडले, "कापू नका! ओढू तर मुळीच नका!"

का नाही, ते त्यांनी नंतर समजावलं. फुगलेला फुगा ओढला तर आतला मार्ग फाटतो. नळी घरी कापली तर उरलेला तुकडा आत सरकू शकतो, आणि मग त्याला धरायला काहीच उरत नाही. काहीजण आणखी पाणी भरून फुगा फोडायला बघतात. तेही वाईट, त्याचे तुकडे आत राहतात आणि पुढे त्यांच्यावर खडे धरतात. कधी सिरिंज फार जोरात ओढल्यामुळेच ती बारीक वाट आतल्या आत चिकटते. म्हणून नवी सिरिंज नुसती लावून ठेवायची, दांडा न ओढता. पाणी आपल्या आपण परत येतं का, दहा-पंधरा मिनिटं वाट बघायची. नाही आलं तर एक-दोन मिलिलिटर आत सोडून वाट मोकळी होते का पाहायचं. डॉक्टरांनी फोनवर सांगून ब्रदरकडून हे सगळं करवून घेतलं. उपयोग झाला नाही. "घेऊन या," म्हणाले.

इस्पितळात त्या दिवसांत एकाच माणसाला आत सोडत. ते माणूस म्हणजे मी. तोंडाला मास्क, हातात पिशवी, आणि स्ट्रेचरवर अण्णा.

खोलीत नेल्यावर डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही यांचा हात धरून इथे थांबा. हालले तर कठीण." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी समजले, त्यांना मी नको होते. मी निघायला लागले तशी त्यांनी माझी बोटं धरली. म्हणाले, "पाठ करून उभी राहा. पण जाऊ नकोस."

तशी मी उभी राहिले. भिंतीकडे तोंड आणि हात मागे, अण्णांच्या हातात. काय चाललंय ते डॉक्टर बोलत होते, ते ऐकू येत होतं. आधी त्यांनी फुग्याच्या वाटेची झडप कापली, पाणी आलं नाही. मग त्या बारीक वाटेतून एक पातळ तार आत घालून बघितली, तीही अडली. शेवटी मूत्राशयात थोडं पाणी सोडून, सोनोग्राफीत फुगा बघत, ओटीपोटातून एक बारीक सुई घालून फुगा टोचला. तेवढी जागा बधिर केली होती, पूर्ण भूल लागली नाही. अण्णांची पकड एकदम सैल झाली, त्यावरून मला कळलं की नळी निघाली.

डॉक्टरांनी मला वळायला सांगितलं. ट्रेमध्ये नळी होती. टोकाला चुनखडीसारखा थर, आपल्या किटलीत बसतो तसा. फाटलेला फुगा त्यांनी चिमट्यानं पसरून पाहिला, कुठला तुकडा आत राहिला नाही ना, याची खात्री केली. मग विचारलं, "फुग्यात काय भरलं होतं?" मला आठवलं. गेल्या खेपेला ब्रदरने सलाईनच्या बाटलीतलं पाणी घेतलं होतं, माझ्यासमोर. डॉक्टर म्हणाले, सलाईनमध्ये मीठ असतं, दिवस लांबले की त्याचे कण धरून वाट बुजू शकते. म्हणून इंजेक्शनचं शुद्ध पाणीच भरायचं. त्यात नळी साध्या रबराची आणि सात आठवडे आत. मी विचारलं, "आणि धुणं नीट झालं नाही, त्याने?" ते म्हणाले, "आतला थर त्याने नाही आला. पण रोज कुणी नीट बघत असतं, तर लघवी कमी झालेली पंधरा दिवस आधी कळली असती."

हे वाक्य मला लागलं. अजूनही लागतं.

त्या दिवशी सिलिकोनची नळी घातली. ती महाग असते, पण आतून गुळगुळीत, बारा आठवड्यांपर्यंत चालते. पाणी किती प्यायचं तेही ठरवून दिलं. इतरांना दोन लिटर सांगतात, अण्णांच्या हृदयामुळे दीड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी, साबण, फडकं घेऊन खोलीत गेले. अण्णांनी पांघरूण ओढलं नाही. भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, "अण्णा, दुखलं तर सांगा." ते म्हणाले, "हं." पाच मिनिटांचं काम. एवढ्यासाठी आम्ही इतके आठवडे झुरलो! चार-सहा दिवसांनी ते धुताना पाढे म्हणायला लागले, पावकी, निमकी, अगदी अडीचकीपर्यंत. मी चुकून हसले, तर म्हणाले, "तुला येतात का?" मला येत नव्हते. मग रोज एक शिकवू लागले. मेच्या मध्याला हे पुण्याहून आले आणि "आता मी बघतो" म्हणाले. अण्णा म्हणाले, "तिचा सव्वाकीचा पाढा राहिलाय."

कॅलेंडरवर खुणा ते स्वतः करत. नळी घातली तो दिवस, काढायचा दिवस, नंबर १६, फुगा १० मिलिलिटर, "पाणी, सलाईन नाही". ब्रदर बदलला तरी ही चिठ्ठी त्याच्या हातात जायची. २०२२ च्या नोव्हेंबरात अण्णा गेले, हृदयानेच, झोपेत.

आळीतल्या त्या बाईला मी हे सगळं सांगितलं, आणि अण्णांच्या पिशवीचा एक अभ्राही दिला. कारण पाहुणे आले की अण्णांना ती पिशवी दिसण्याचंच अधिक वाईट वाटायचं. जुन्या सुती पातळाचा गडद तुकडा घ्या. दुहेरी केल्यावर पिशवीपेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठा राहील असा. दुहेरी करून दोन्ही बाजू शिवा. वर नेफा घालून नाडी ओवा, ती कॉटला किंवा चाकाच्या खुर्चीला बांधता येते. खालची बाजू मधोमध तीन बोटं उघडी ठेवा म्हणजे तोटी बाहेर येते आणि रिकामी करताना अभ्रा काढावा लागत नाही. दोन शिवा, एक धुण्यात असतो. अण्णांसाठी मी धोतराच्या काठाची पट्टी लावली होती, आणि तो अभ्रा खांद्याला अडकवता येतो का, असं त्यांनी विचारलं होतं. मी सांगितलं, खांद्याला नाही, पिशवी खालीच हवी. मग मांडीला बांधायची छोटी पिशवी आणली, तिच्यावर धोतर नीट बसतं, आणि अण्णा पुन्हा देवळात जायला लागले.